उसन्या हवेची कैफियत

ज्या शहराने वाऱ्याची दिशा वेधशाळेला न विचारता केवळ नाकाने ओळखण्याची विद्या दोन पिढ्यांत आत्मसात केली, त्या शहरात हयात घालवलेल्या माणसाला हवेविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना लिहिण्याचा काही अधिकार पोहोचत असेलच, तर तो याच विद्येच्या जोरावर. वायव्येकडून झुळूक आली की कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची आणि नंदेसरीच्या रसायनशाळांची बाजू, दक्षिणेकडून आली की मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत, ही भूगोलाची उजळणी वडोदऱ्याच्या आम्हां मांजलपूरकरांना अंगणात उभ्या उभ्या होते. माझ्या बाबतीत तीत आणखी एक भर पडली. माझी सारी नोकरी कामगार न्यायालयाच्या दप्तरात गेली, आणि ज्यांच्या फुप्फुसांत, कातडीत किंवा मज्जातंतूंत कारखान्यांची हवा कायमची मुक्कामाला आली अशा माणसांचे अर्ज, जबान्या, दाखले आणि निकाल यांचे गठ्ठे बांधून ते रेकॉर्डखोलीत रवाना करणे, हेच शिरस्तेदार या नात्याने माझे तीस वर्षांचे नित्यकर्म होते. त्या गठ्ठ्यांतून मी काही शिकलो असेन तर इतकेच, की अर्जदाराला रोगापेक्षा नोंदीचा अभाव अधिक लवकर हरवतो. ज्या दिवशी वायू सुटला त्या दिवसाच्या रजिस्टरात त्या वायूचा उल्लेख नसला, म्हणजे पुढे दहा डॉक्टरांनी दहा दाखले दिले तरी त्या दिवशी वायू सुटला होता एवढेच सिद्ध करता करता त्याचे केस पांढरे होतात.

हे आत्मवृत्त येथे आणण्याचे प्रयोजन असे की, प्रवासी विमानाच्या आतल्या हवेवर लिहिलेले हे हस्तलिखित जेव्हा माझ्या पुढ्यात येऊन पडले, तेव्हा त्याची प्रस्तावना एखाद्या वैमानिकाने, वैद्याने, निदानपक्षी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने लिहावी असा आग्रह मी धरला होता. लेखिका आमच्याच गल्लीतली. तिच्या आजोबांचा आणि माझ्या वडिलांचा स्नेह दांडिया बाजारातल्या वाड्यापासूनचा. पुढे वाडे मोडले, कुटुंबे विभागली, आणि दोन्ही घरे थोड्याफार अंतराने मांजलपुरात येऊन वसली. एका तपाहून अधिक काळ केबिन क्रूची नोकरी करून, आणि त्या उड्डाणांच्या नोंदींची एक वही ठेवून, ती आता घरी परतली आहे, आणि माझी सबब ऐकून घेतल्यावर तिने जे उत्तर दिले ते मला निरुत्तर करणारे होते. ती म्हणाली, “काका, डॉक्टरांनी लिहिलं तर लोक त्यात माझा आजार शोधतील, पायलटनं लिहिलं तर कंपनी शोधतील. तुम्ही दप्तरातले. तुम्ही नुसती वही वाचा.” तिने आपले नाव मुखपृष्ठावर घातलेले नाही आणि ज्या कंपनीत चाकरी केली तिचेही नाव पुस्तकात कोठे येऊ दिलेले नाही; या दोन्ही गोष्टींना माझी संमती आहे, कारण ज्या रचनेविषयी ती लिहिते ती कोणा एका कंपनीची मिरास नसून, जगातील बहुतेक सर्व जेट विमानांना समान असलेली आहे.

मराठीने या पेशाला ‘हवाई सुंदरी’ असे नाव दिले, आणि ते देताना आपल्या भाषेने केवढी गफलत केली हे मला वही वाचीपर्यंत उमगले नव्हते. सुताराला आपण सुंदर म्हणत नाही, परिचारिकेलाही नाही. परंतु बंद पत्र्याच्या नळकांड्यात, ढकलगाडी ओढत, आणीबाणीत दीडशे माणसांना दीड मिनिटात बाहेर काढण्याचे शिक्षण घेतलेल्या कामगार स्त्रीला मात्र आपण तिच्या मुखचंद्रावरून ओळखू लागलो, आणि एकदा का श्रमाचे नाव सौंदर्य पडले की त्या श्रमाच्या जागी कोणती हवा आहे, हा प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

ती हवा येते कोठून, याचा उलगडा पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात लेखिकेने सविस्तर केलेला असला, तरी ज्यांनी विमानप्रवास अनेकदा केला आणि तरीही हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नाही अशा माझ्यासारख्या वाचकांकरिता त्याचे सार येथे देणे मला अवश्य वाटते. छत्तीस हजार फुटांवर बाहेरचे तापमान शून्याखाली पंचावन्न अंशांच्या आसपास आणि हवेचा दाब भूपृष्ठावरील दाबाच्या जेमतेम एकचतुर्थांश असतो. अशा ठिकाणी माणूस काही क्षणांतच शुद्ध हरपून बसेल. म्हणून आतला दाब कृत्रिम रीतीने वाढवून तो सुमारे आठ हजार फूट उंचीवरील डोंगरी हवेइतका राखावा, असा नियम आहे. आता दाबलेली हवा विमानात आयती मिळण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे एंजिन. जेट एंजिनाच्या पुढच्या भागातील कॉम्प्रेसर बाहेरची विरळ हवा दाबून दाबून ज्वलनकक्षाकडे लोटीत असतो. तिच्यात इंधन मिसळण्यापूर्वीच तिचा काही अंश नळीवाटे बाजूला काढून घेतात. या हवेला वैमानिकांच्या परिभाषेत ब्लीड एअर म्हणतात. मी तिला उसनी हवा म्हणतो. ती काढून घेतली जाते तेव्हा शेकडो अंश तापलेली असते. ‘पॅक’ नावाच्या यंत्रात तिला थंड करून, केबिनमध्ये आधीच फिरत असलेल्या हवेत साधारण निम्मे-निम्मे मिसळून, माणसांच्या डोक्यांवरून खाली सोडतात. फेरवापराची जी हवा असते ती हेपा गाळणीतून जाते, आणि ही गाळणी अतिसूक्ष्म कणही शेकडा ९९.९७ या प्रमाणात पकडते, ही गोष्ट करोनाच्या साथीत विमान कंपन्यांनी आपल्याला पुष्कळदा आणि न्याय्य अभिमानाने सांगितली. तथापि त्या गाळणीच्या दोन मर्यादा आहेत: ती वायू आणि बाष्प अडवू शकत नाही, आणि एंजिनाकडून ताजी येणारी हवा बहुधा तिच्यातून जातच नाही.

येथे हे स्मरण ठेवण्याजोगे आहे की जेटयुगाच्या आरंभी हा मार्ग सर्वमान्य नव्हता. १९६० साली एअर इंडियाच्या ताफ्यात आलेल्या बोइंग ७०७ विमानांत केबिनसाठी निराळे टर्बोकॉम्प्रेसर बसवलेले असत. ते फिरत एंजिनाच्याच हवेवर, पण माणसांसाठी दाबत ती बाहेरची स्वच्छ हवा. पुढे वजन, खर्च आणि दुरुस्तीचा व्याप कमी करण्यासाठी ही मधली यंत्रे गळाली आणि एंजिनाची हवा थेट माणसांच्या नाकाशी जोडली गेली. अर्धशतकानंतर, २०११ मध्ये सेवेत दाखल झालेल्या बोइंग ७८७ ने पुन्हा विजेवर चालणारे स्वतंत्र कॉम्प्रेसर आणले आणि आतला दाबही सहा हजार फुटांच्या पातळीवर ठेवला. १२ जून २०२५ च्या दुपारी याच जातीचे विमान अहमदाबादेत कोसळल्यापासून त्याचे नाव अहमदाबाद-वडोदऱ्याच्या टापूत सहज जिभेवर येत नाही, हे मी जाणतो. त्या भीषण अपघाताचा या विषयाशी संबंध नाही. पण केबिनच्या हवेचा विचार करताना त्या रचनेचा उल्लेख टाळताही येत नाही, कारण उसनवारीवाचून हवा मिळू शकते, याचा तोच आजच्या ताफ्यातला मोठा दाखला.

उसनवारीत दोष शिरतो तो तेलाच्या वाटेने. एंजिनाचा गाभा ज्या बेअरिंगांवर फिरतो त्यांना अखंड तेल लागते, आणि त्या तेलाची कोठी व कॉम्प्रेसरचा हवामार्ग यांच्यामध्ये सीलचा पहारा असतो. हा पहारा पुष्कळ अंशी हवेच्या दाबावरच चालतो. दाब पुरेसा असला तर तेल आत थोपून राहते. एंजिन सुरू होताना, शक्ती एकाएकी कमीजास्त होताना, किंवा उतरणीच्या आरंभी एंजिन जवळजवळ निवांत पडते तेव्हा, हा तोल क्षणभर ढळतो आणि थेंबाचा काही अंश पलीकडे निसटतो. सील झिजले असेल, तेल वाजवीपेक्षा जास्त भरले असेल, शेपटीतल्या सहायक एंजिनाने, म्हणजे एपीयूने, जमिनीवर सांडलेले हायड्रॉलिक द्रव आत ओढले असेल, तर थेंबाची धार होते. तापलेल्या धातूवर ते तेल विघटित होते, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड, ॲल्डिहाइडे, सूक्ष्मातिसूक्ष्म कण आणि काही सेंद्रिय आम्ले निघतात. यांपैकी व्हॅलेरिक आम्लाला पावसाळ्यात न वाळलेल्या मोज्यांचा वास येतो. काष्ठौषधी विकणाऱ्या गांधीच्या दुकानात मिळणारा तगर-गंठोडा ज्यांनी हुंगला असेल त्यांना या आम्लाच्या सख्ख्या भावंडाची ओळख आहे. लेखिकेच्या वहीत पहिल्या वर्षीच ‘कुबट, मोजे’ असे दोनच शब्द ठिकठिकाणी आढळतात, आणि बहुतेक वेळा ते उतरणीच्या वेळेसमोर लिहिलेले आहेत. एंजिनाची रचना तिला तेव्हा ठाऊक नव्हती.

तेलात भीती बाळगण्यासारखे काय आहे, हा प्रश्न विचारणाऱ्याला ट्रायक्रेसिल फॉस्फेट या द्रव्याची कुळकथा सांगावी लागते. धातूची झीज होऊ नये म्हणून ते एंजिनाच्या तेलात शेकडा तीनच्या आसपास घालतात. त्याच्या ज्या प्रकाराला ‘ऑर्थो’ म्हणतात तो पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी फारसे काही घडत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी पोटऱ्या दुखू लागतात, पावले बधिर होतात, मग पाऊल उचलेनासे होते. १९३० साली अमेरिकेत आल्याच्या औषधी अर्कात हे द्रव्य मिसळले गेल्याने हजारो गोरगरीब पंगू झाले. १९५९ साली मोरोक्कोतील मेक्नेस भागात लष्करी विमानांचे टाकाऊ एंजिन-तेलच खाद्यतेलात मिसळून विकले गेले आणि सुमारे दहा हजार माणसे बाधित झाली. हे दूरचे म्हणावे तर आपल्या मुंबईत उद्भवलेल्या याच विषबाधेचा अभ्यास वोरा, दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली मज्जाविकारांवरील ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केलेला आहे. आणि १९८८ साली कलकत्त्याच्या बेहाला भागात भेसळीच्या तेलाने शेकडो माणसांचे पाय नेले. यावरून विमानात श्वास घेणाऱ्या प्रत्येकाचे पाय जाणार असा निष्कर्ष काढणारा माणूस मात्र दप्तराचा वैरी समजावा. वरील सर्व प्रकरणांत विष पोटात गेले होते आणि भरपूर प्रमाणात गेले होते; शिवाय आजच्या तेलात ऑर्थो प्रकार अत्यल्प ठेवलेला असतो. मात्रा म्हणजेच विष, हे तत्त्व आमच्या न्यायालयात येणारा प्रत्येक सरकारी वैद्य शपथेवर सांगे. लेखिकेनेही ते मान्य केले आहे, आणि म्हणूनच तिचा पुढचा सवाल टाळता येण्याजोगा राहत नाही: मात्रा मोजली कोणी?

कारण विमानात ती मोजली जात नाही. नवे विमान प्रमाणित होताना कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वीस हजार भागांत एका भागाहून अधिक असू नये, दर माणसामागे दर मिनिटाला ठरावीक वजनाची ताजी हवा मिळावी, अशी बंधने अमेरिकेच्या नियमावलीत आणि तिच्या धर्तीवर इतरत्रही आहेत. परंतु एकदा विमान उडू लागले की रोजच्या फेरीत तेलाची वाफ ओळखणारे उपकरण बहुतेक प्रवासी विमानांत बसवलेलेच नसते. आगीचा धूर ओळखणारी यंत्रे शौचालयात आणि मालाच्या तळघरात आहेत. माणसे जेथे बसतात तेथे हे काम माणसाच्या नाकावर सोपवलेले आहे, आणि नाक हा असा विचित्र पंच की जो पहिल्या पाच मिनिटांत खरी साक्ष देतो आणि नंतर त्याच वासाला सरावून साक्ष फिरवतो. धूर किंवा वाफ शिरलीच, तर वैमानिकांजवळ शुद्ध प्राणवायूचा, क्षणात चढवता येणारा मुखवटा असतो. प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणारा जो पिवळा पेला आपण प्रत्येक उड्डाणापूर्वीच्या प्रात्यक्षिकात पाहतो, तो दाब गेल्यावर जीव तगवण्यासाठी केलेला असून केबिनचीच हवा प्राणवायूत मिसळून देतो. धूर किंवा वाफ यांपासून तो राखण करीत नाही. ही गोष्ट मला सत्तरी उलटल्यावर या पुस्तकातून समजली, आणि खरे सांगायचे तर थोडा राग आला.

आपल्याकडे असे काही घडते काय, अशी शंका घेणाऱ्यांसाठी दोन प्रकरणे पुरेत. १२ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री गोव्याहून हैदराबादला निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० जातीच्या विमानात उतरणीच्या वेळी धूर भरला. विमान हैदराबादेस तातडीने उतरवून शहाऐंशी प्रवाशांना बाहेर काढण्यात आले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्राथमिक तपासाअंती जे नमूद केले ते या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे: एंजिनाच्या ब्लीड-ऑफ व्हॉल्व्हमध्ये तेल आढळले, ते वातानुकूलन यंत्रणेत शिरले आणि त्यातूनच धूर झाला. पाठोपाठ हुकूम सुटला, की त्या जातीच्या चालू विमानांच्या एंजिन-तेलाचे नमुने दर पंधरा दिवसांनी एंजिनाच्या कॅनडातील निर्मात्याकडे तपासणीस जावेत. तेलात धातूचे आणि सीलच्या कार्बनचे कण सापडतात काय, हे पाहायचे. म्हणजे पहारेकरी झिजला की नाही, याची झडती पहाऱ्याच्याच राखेतून घ्यायची. दूषित हवेचा उगम इतक्या स्पष्ट शब्दांत सरकारी कागदावर येण्याचे असे प्रसंग विरळा. दुसरे प्रकरण उलट्या टोकाचे. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात ब्लीडचा खटका चालू करायचा राहून गेला, उसनी हवा आलीच नाही, आणि १६६ प्रवाशांपैकी सुमारे तीस जणांच्या नाका-कानांतून रक्त आल्यावर विमान मुंबईस परत फिरले. ही हवा आली नाही तर काय होते हे त्या सकाळी साऱ्या देशाने चित्रवाणीवर पाहिले, कारण रक्त दिसते. आली आणि मळलेली आली तर काय होते, ते कोणत्याही कॅमेऱ्यात दिसत नाही.

परदेशांत हा वाद तीन दशके धुमसत आहे. ४ मार्च १९९२ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीहून ब्रिस्बेनला उतरणाऱ्या बीएई १४६ विमानात धूर भरला, आणि जोॲन टर्नर या केबिन कर्मचारी महिलेचा खोकला त्या दिवसापासून हटला नाही. तिच्या बाजूने न्यायाधिकरणाचा निकाल लागला आणि २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायासनाने कंपनीचे अपील ऐकण्यास नकार दिला, तेव्हा मधे अठरा वर्षे गेली होती. माझ्या गठ्ठ्यांच्या अनुभवाने मी म्हणतो की अठरा वर्षे हा काही अपवादात्मक कालावधी नव्हे. अपवादात्मक आहे तो निकाल. तिला जिंकता आले, कारण त्या दिवशी धूर डोळ्यांना दिसला होता आणि तो विमानाच्या कागदपत्रांत उतरला होता. त्याच जातीच्या विमानांवर ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीने २००० साली चौकशीचा अहवाल दिला; १९९९ च्या नोव्हेंबरात स्वीडनमध्ये माल्मोला उतरताना अशाच विमानाचे दोन्ही वैमानिक घेरी आल्याने अर्धमेले झाले आणि कप्तानाने मुखवट्याच्या आधाराने विमान खाली आणले. याच सुमारास काही संशोधकांनी या लक्षणसमूहाला ‘एरोटॉक्सिक सिंड्रोम’ असे नाव दिले. वैद्यकाच्या अधिकृत रोगसूचीत ते नाव अद्याप दाखल झालेले नाही. ब्रिटनमधील क्रॅनफिल्ड विद्यापीठाने शंभर उड्डाणांत हवा मोजून २०११ साली जो अहवाल दिला, त्यात प्रदूषकांची पातळी मान्य मर्यादेच्या आतच आढळली; कंपन्या हा अहवाल पुढे करतात, आणि तो पुढे करण्याचा त्यांना हक्क आहे. मात्र त्या शंभर उड्डाणांत, ज्याची रीतसर खबर द्यावी लागेल असा धुराचा एकही प्रसंग घडला नव्हता, हे त्याच अहवालात आहे. ज्या रात्री चोरी झाली नाही त्या रात्रीचा पंचनामा करून गावात चोर नाहीत असा शेरा कोणी मारला, तर फौजदार तो मान्य करील काय? पण उलट बाजूही तितकीच सांगितली पाहिजे. पहाटे तीनला उठणे, प्रहरांची उलटापालट, दहा-वीस टक्क्यांवर आलेली आर्द्रता, आठ हजार फुटांची विरळ हवा, यांनीही डोके दुखते, घेरी येते, विस्मरण होते. यांतले तेलाचे किती आणि जागरणाचे किती हे सांगण्याचे साधन लेखिकेजवळ नाही, आणि आपल्या थकव्याचे सगळे खापर तेलावर फोडण्याचा मोह तिने टाळला आहे. हस्तलिखितात एके ठिकाणी तसे एक वाक्य होते. ते तिने स्वतःच खोडले, ही खाडाखोड मी पाहिलेली आहे.

आता जेथे मला लेखिकेपेक्षा चार गोष्टी अधिक ठाऊक आहेत त्या भागाकडे वळतो. केबिन कर्मचारी स्त्रीच्या देहाचे या देशात जितके काटेकोर मोजमाप झाले तितके क्वचितच कोणत्या कामगाराचे झाले असेल. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मीर्झा हा १९८१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा ज्यांनी वाचला असेल त्यांना स्मरेल, की पस्तिसाव्या वर्षी, किंवा पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणी तिला निवृत्त करणारे कलम सेवाशर्तींत होते, आणि त्यांतली गरोदरपणाची अट रद्द व्हायला देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावे लागले. वय मोजले, वजन मोजले, मंगळसूत्राची तारीखही मोजली. फुप्फुसांत जाणारी हवा तेवढी मोजायची राहिली. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातील चौदावे कलम कामाच्या खोलीतील धूळ आणि धूर कामगाराच्या श्वासात जाऊ नये म्हणून मालकावर स्पष्ट जबाबदारी टाकत होते, आणि त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात वर्दी देणे सक्तीचे असलेल्या एकोणतीस रोगांची यादी होती. पण आकाशात उडणारी खोली ही त्या कायद्याच्या व्याख्येतली खोली नव्हती. याउलट १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात, ज्याच्या अर्जांवर माझी नोकरी चालली, विमानाचा कप्तान आणि इतर कर्मचारी यांचा समावेश होता, आणि त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात फॉस्फरस व त्याची विषारी संयुगे यांनी होणारे रोगही होते. म्हणजे दार होते, आणि त्याला कडीही नव्हती. माझ्या तीस वर्षांत त्या दाराने आत आलेला एकही विमान-कर्मचारी मला आठवत नाही. यावरून रोग नाही असा अर्थ काढावा, की नोंद नाही असा, हे वाचकाने या पुस्तकाची शेवटची प्रकरणे वाचून ठरवावे. माझा कल कोठे आहे हे आतापर्यंत लपलेले नसावे.

अशा बाबतीत कर्मचारी गप्प का राहतात, असे पुष्कळ जण विचारतात. सिगारेटच्या धुराची हकीकत या प्रश्नावर प्रकाश टाकते. विमानात धूम्रपान चालू होते तोवर त्या धुरात दिवसाचे आठ-दहा तास उभे राहणाऱ्या माणसांची तक्रार नाजूकपणा समजली जाई. अमेरिकेतील केबिन कर्मचाऱ्यांनी तंबाखू कंपन्यांवर १९९१ साली दावा लावला आणि १९९७ साली तीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली, ती रक्कम संशोधनासाठी राखून ठेवण्यात आली. तो धूर सर्वांना दिसत होता, प्रवाशांनाही झोंबत होता, आणि तरीही इतका अवधी लागला. तेलाची वाफ दिसत नाही, आणि तिची तक्रार करणाऱ्या मुलीला प्रथम उड्डाण लांबवल्याचा, मग प्रवाशांत घबराट पसरवल्याचा, आणि शेवटी स्वतः वैद्यकीय दृष्ट्या अपात्र ठरण्याचा धाक असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ साली या वाफेच्या प्रसंगांबाबत शिक्षण कसे द्यावे आणि खबर कशी नोंदवावी, याचे मार्गदर्शक परिपत्रक काढले, क्रमांक ३४४. १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. नव्या कायद्याखाली नवे नियम घडत असताना त्या परिपत्रकातील नोंदीचा नमुना आपल्या प्रत्येक विमानाच्या लॉगबुकाशी जोडला जावा, इतकी माफक तजवीज लेखिकेने सुचवली आहे. उपकरणे बसवावीत, बाष्प शोषणाऱ्या गाळण्या ताज्या हवेच्या मार्गातही घालाव्यात, या तिच्या इतर मागण्या खर्चाच्या आहेत आणि त्यांवर तज्ज्ञ भांडतील. नोंदीला खर्च कागदाचा. मला ती मागणी सर्वांत महत्त्वाची वाटते, ही कदाचित धंद्याची खोड असेल.

पुस्तक मराठीत का, असे तिला इंग्रजी शाळेत शिकलेल्या तिच्या भाच्याने विचारले म्हणे. याचे उत्तर मी वडोदऱ्याच्या वतीने देतो. याच शहरात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले, आणि त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी यंत्रविद्या आणि रसायनविद्या देशी भाषांतून शिकवता येतात, शिकवल्याच पाहिजेत, असा हट्ट धरला. आज याच शहरात सी-२९५ ही लष्करी वाहतुकीची विमाने जुळवण्याचा कारखाना उभा आहे, आमच्या शेजारचा मकरपुऱ्याचा राजवाडा वायुदलाच्या प्रशिक्षणशाळेकडे आहे, आणि मांजलपुरातल्या कितीतरी घरांतली मुले-मुली विमानांच्या देखभालीच्या किंवा केबिनच्या नोकरीत शिरत आहेत; त्यांच्या आयांना बेअरिंग, सील आणि ब्लीड यांचा अर्थ मराठीत कळावा ही अपेक्षा गज्जरांना तरी अवास्तव वाटली नसती. लेखिकेने परिभाषेचा अट्टहास केलेला नाही. जे शब्द क्रूच्या तोंडी आहेत ते तिने तसेच ठेवले आहेत, आणि जेथे मी ‘निष्कासित वायू’ असा एक भारदस्त प्रतिशब्द सुचवला होता तेथे तिने समासात हसण्याचे चिन्ह काढून हस्तलिखित मला परत पाठवले.

तिची मूळ वही शेवटी परिशिष्ट म्हणून जशीच्या तशी छापली आहे. विमानांचे क्रमांक तेवढे काळे केले आहेत. चार रकाने आहेत: तारीख, जाण्यायेण्याची ठिकाणे, उड्डाणाचा टप्पा, आणि चौथा, ज्याला पहिल्या वर्षी शीर्षकच नव्हते. छपाईच्या वेळी त्याला काय नाव द्यावे, असे तिने मला विचारले, आणि मी सवयीने ‘हवेबाबत शेरा’ असे लिहून दिले. दुसऱ्या दिवशी प्रूफ आले त्यात ते खोडून तिने आपल्या हाताने ‘वास’ असे लिहिले होते. त्या रकान्यात बहुतेक दिवसांपुढे ‘नाही’ असे आहे. ज्या दिवशी वास आला नाही त्या दिवशीही तिने रकाना कोरा सोडलेला नाही.

मांजलपूर, वडोदरा